बिअरच्या गावाला कशासाठी जायचं?

क्राफ्ट बिअरसाठी, म्हणजे छोट्या ब्रुअरींत (बिअरच्या कारखान्यांत) निगुतीने बनवलेल्या बिअरसाठी, प्रवास करणाऱ्यांचे, आणि त्यांची वाट पाहणाऱ्या एका ब्रुअरी मालकाचेही, प्रश्न या वेळी आले आहेत.

प्रश्न : हवी ती बिअर आता बाटलीत किंवा कॅनमध्ये मिळते. मग ती जिथे बनते तिथवर जाऊन लोकांना वेगळं काय मिळतं?

सगळ्यात आधी चव. बिअरला प्रवास मानवत नाही. भरताना बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन, वाटेतली उष्णता आणि दुकानातला उजेड, तिन्ही तिचे शत्रू. बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांचा सुगंध सर्वांत लवकर उडतो, म्हणून भरपूर हॉप्स घातलेली आयपीए (इंडिया पेल एल) ही कडू बिअर काही आठवड्यांतच मलूल पडू लागते. इंग्लंडमधली कास्क एल (एल हा बिअरचा एक प्रकार, कास्क म्हणजे पिंप) तर पिंपातच आंबत असते आणि पिंप उघडलं की काही दिवसांत संपवावी लागते. ती दूरदेशी पाठवायची सोयच नाही; प्यायची तर माणसानेच तिच्याकडे जायला हवं.

चेक प्रजासत्ताकातल्या पिल्सेनमध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने १८४२ साली पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. ती ब्रुअरी आज प्रचंड मोठी आहे, तिला क्राफ्ट म्हणता येणार नाही आणि तिची बाटली जगभर मिळते. तरीही लोक तिथल्या जमिनीखालच्या थंडगार तळघरांत उतरतात, कारण तिथे ओकच्या पिंपातून थेट ग्लासात येणारी बिअर गाळलेली नसते आणि पाश्चराइजही केलेली नसते. बाटलीतली बिअर आवडणाऱ्यालाही तिथला पहिला घोट नवा वाटतो.

दुसरं कारण जागेचं. पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू आहे. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सममुळे सल्फेट जास्त, त्यामुळे तिथल्या एलचा कडूपणा कोरडा आणि स्पष्ट लागतो. पाण्याची नक्कल आता क्षार घालून कुठेही करता येते. हवेची करणं फार अवघड. ब्रसेल्स आणि त्याच्या आसपास बनणाऱ्या लॅम्बिक या आंबट बिअरमध्ये ब्रुअर यीस्ट घालतच नाही. उकळलेला वर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले, इमारतीतले, लाकडी पिंपांतले जंगली यीस्ट व जिवाणू आपलं काम करतात. हे फक्त थंडीच्या महिन्यांत चालतं, कारण उन्हाळ्यात हवेत नको असलेले जिवाणू फार असतात. ब्रसेल्समधली कांतियों ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी संग्रहालय म्हणूनही पाहता येते. तिथे कोळ्यांची जाळी झाडून टाकत नाहीत, कारण कोळी कीटकांना आवर घालतात. हे सगळं बाटलीवरच्या लेबलावर वाचणं आणि हौद असतो त्या माळ्यावर उभं राहून तो आंबूस वास घेणं यांत फार अंतर आहे. माझ्या मते क्राफ्ट बिअरच्या प्रवासाचं खरं मर्म या अंतरात आहे.

प्रश्न : काही बिअरसाठी लोक तासन् तास रांगा लावतात. ती बिअर खरंच तेवढी चांगली असते, की दुर्मिळ असते म्हणून?

दोन्ही, आणि प्रमाण ज्याचं त्याने ठरवावं. बेल्जियममधल्या वेस्टफ्लेटरेनच्या सेंट सिक्स्टस मठातले भिक्षू मठाचा खर्च भागेल इतकीच बिअर बनवतात. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवत नाहीत, आणि अनेक वर्षं पेट्या आधी नोंदणी करून स्वतः जाऊनच घ्याव्या लागत. मठाच्या इमारतीच्या कामासाठी पैसे हवे होते तेव्हा, २०१२ च्या सुमारास, त्यांनी अपवाद म्हणून काही माल परदेशी पाठवला आणि पुन्हा जुन्या रीतीवर आले. ही टंचाई बाजारासाठी रचलेली नाही, म्हणूनच लोकांना तिचं आकर्षण वाटतं. मठ पाहुण्यांना आतून पाहता येत नाही, पण समोरच्या कॅफेत बसून ती बिअर शांतपणे पिता येते.

कॅलिफोर्नियात रशियन रिव्हर ही ब्रुअरी ‘प्लिनी द यंगर’ नावाची कडक ट्रिपल आयपीए वर्षातून फक्त दोन आठवडे विकते. त्यासाठी इतके पाहुणे लांबून येतात, की त्यांच्या खर्चाचा अंदाज खुद्द सोनोमा काउंटीचं प्रशासन काढतं. या रांगेत उभं राहणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. पुढच्या-मागच्या अनोळखी माणसाशी हॉप्सवर दोन तास गप्पा मारणं हाही त्यांच्या सहलीचा भाग असतो. मात्र फक्त चव हवी असेल, तर त्याच ब्रुअरीच्या वर्षभर मिळणाऱ्या बिअर ताज्या प्या. काहीही गमावणार नाही.

प्रश्न : माझे पती बिअर पीत नाहीत. ते कंटाळतील का?

एका दिवसात चार टॅपरूम (ब्रुअरीतच बिअर प्यायच्या जागा) करणार असाल, तर नक्की कंटाळतील. हॉप्सच्या मळ्यांपासून सुरुवात करा. चेक प्रजासत्ताकातलं झातेत्स आणि त्याभोवतीचा हॉप्सचा प्रदेश २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. उंच तारांवर चढलेले वेल, हॉप्स वाळवायच्या जुन्या इमारती, गोदामं, हे सगळं न पिणाऱ्यालाही पाहावंसं वाटतं. उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा तोडणीचा काळ असतो. तेव्हा मळ्यात कुणी एक शंकू हातावर चुरडून दिला, की त्याचा रेझिनसारखा, लिंबाच्या सालीसारखा वास बराच वेळ हाताला राहतो.

चालायची आवड असेल तर जर्मनीतलं आउफसेस पाहा. लोकसंख्या दीड हजाराच्याही आत, ब्रुअरी चार, आणि त्यांना जोडणारी शेता-रानातली पायवाट. तुमच्यासाठी प्रत्येक थांब्यावर एक ग्लास आणि त्यांच्यासाठी अख्खा फ्रँकोनिया, म्हणजे आउफसेसभोवतीचा तो प्रदेश. जोडीने करायला मला याहून चांगली बिअर-सहल माहीत नाही.

प्रश्न : महोत्सवाच्या काळात जावं की एरवी?

पहिल्यांदा जात असाल तर एरवी, तेही आठवड्याच्या मधल्या वारी. ब्रुअर मोकळा असतो, प्रश्नांना उत्तरं देतो, नशीब असेल तर टाकीतून थोडी काढूनही देतो. महोत्सवाचा फायदा एकाच छताखाली विविधता मिळण्याचा. अमेरिकेत १९८२ साली सुरू झालेला आणि आता डेन्व्हरमध्ये भरणारा ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल त्यासाठी उत्तम, कारण तिथे एका वेळी साधारण ३० मिलिलिटरच ओततात आणि शेकडो ब्रुअरी एकत्र भेटतात. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला जरूर जा, पण छोट्या ब्रुअरी शोधायला नको. तिथे शहरातल्या सहा मोठ्या ब्रुअरींचीच बिअर मिळते.

प्रश्न : एका दिवसात किती बिअर चाखता येतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. फ्लाइटमधले, म्हणजे चाखण्यासाठी एकत्र मिळणाऱ्या वेगवेगळ्या बिअरच्या संचातले, छोटे ग्लास फसवे असतात, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. १२० मिलिलिटरचे सहा ग्लास म्हणजे ७२० मिलिलिटर. बिअर सरासरी ७ टक्क्यांची असेल तर त्यात जवळपास ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. अनेक देशांत १० ग्रॅमचं एक प्रमाण पेय धरतात, म्हणजे एका फ्लाइटमध्येच चार झाली. त्यामुळे दिवसाला दोन ब्रुअरी पुरेत, आणि गाडीला त्या दिवशी हात लावायचा नाही. रेल्वेने, बसने किंवा पायी जाता येईल अशाच जागा निवडा.

क्रम हलक्याकडून कडककडे आणि कमी कडू बिअरकडून जास्त कडूकडे ठेवा. धुरकट बिअर शेवटी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. जर्मनीतल्या बाम्बर्गची राउखबिअर ही धुरकट बिअर बीच या झाडाच्या लाकडाच्या धगीवर वाळवलेल्या माल्टची असते. तिचा पहिला घोट अनेकांना झेपत नाही. ग्लास बाजूला सारू नका, अर्ध्यावर येईपर्यंत धूर मागे जातो आणि माल्टची गोडी पुढे येते.

प्रश्न : मी छोटी ब्रुअरी चालवतो. पाहुणे यावेत म्हणून इमारत सजवू, की बिअरचे प्रकार वाढवू?

आधी दोन्ही थांबवा आणि आलेल्या माणसाला आत काय दिसतं ते पाहा. पर्यटनाचे अभ्यासक १९७० च्या दशकापासून प्रवासाची कारणं दोन गटांत मांडतात : माणसाला घराबाहेर ढकलणारी आणि एखाद्या ठिकाणाकडे ओढणारी. ढकलणारी कारणं तुमच्या हातात नाहीत. रोजच्यापासून सुटका, मित्रांबरोबर निवांत वेळ, काही नवं शिकण्याची हौस घेऊनच तो येतो. ओढणारी कारणं मात्र तुम्ही घडवता. नवशिक्याला स्वागत हवं असतं, जाणकाराला ताजेपणा आणि बोलायला ब्रुअर. टाक्या भिंतीआड लपवू नका. माल्ट चाखायला द्या, हॉप्स हुंगायला द्या, आणि फक्त तुमच्याच टॅपरूममध्ये मिळेल अशी एक तरी बिअर ठेवा. अल्कोहोल नसलेलं एखादं पेयही तितक्याच मनापासून बनवा, म्हणजे सोबत आलेला माणूस ओशाळा होत नाही.

शेजारच्या ब्रुअरीला स्पर्धक समजू नका. पाहुणा एका ब्रुअरीसाठी क्वचित निघतो, तो गावासाठी निघतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलमध्ये आधी छोट्या ब्रुअरी जमल्या, डोंगर आणि चांगलं पाणी होतंच. मग कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडाने २०१४ च्या सुमारास जवळच्या मिल्स रिव्हरला दुसरी ब्रुअरी उभारली, आणि पाठोपाठ कोलोरॅडोची न्यू बेल्जियमही आली. मोठ्यांना पाहायला आलेले लोक संध्याकाळी गावातल्या छोट्यांकडे जातात. तुमच्या भागात तीन ब्रुअरी असतील तर तिघांचा मिळून एक नकाशा छापा. इमारतीच्या सजावटीपेक्षा तो लवकर फळेल.

प्रश्न : परतताना कोणत्या बाटल्या आणाव्यात?

ग्यूझ आणि कडक, गडद बिअर आणा. वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिक मिसळून बनवलेली ग्यूझ थंड, अंधाऱ्या जागी बरीच वर्षं टिकते. बाटली कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा आणि विमानतळाच्या मर्यादा आधी पाहून घ्या. आयपीए आणूच नका, ती तिथेच पिऊन या.