एक्स-रे उत्तम आलाय, तरी आई अजून लंगडते: खुब्याचे स्नायू कसे तपासायचे

ताई, तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६४, संधिवातामुळे डाव्या खुब्याचा सांधा बदलून ७ महिने झाले, दुखणं थांबलं, एक्स-रे बघून सर्जन म्हणाले सगळं उत्तम आहे, तरी चालताना अंग डावीकडे झुकतं, तर आता एमआरआय करायचा का. मी १९ वर्षं फिजिओ आहे, त्यातली बरीचशी अशाच पेशंटमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्जनचं काही चुकलेलं नाहीये. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, बसवलेला सांधा दिसतो, स्नायूची ताकद दिसत नाही, आणि आईंचं लंगडणं बहुधा स्नायूतून येतंय. कमरेच्या हाडाच्या खाली, बाजूला तळहात ठेवा आणि एका पायावर उभ्या राहा, हाताखाली जो कडक होतो तो ग्लुटियस मिडियस, त्याच्या आत मिनिमस. एका पायावर असताना कंबर तोलून धरायचं काम या दोघांचं, आणि तरफेची त्यांची बाजू आखूड असल्याने त्यांना साधारण शरीराच्या वजनाच्या दीड-दोन पट जोराने ओढावं लागतं, तेही प्रत्येक पावलाला.

लोकांना वाटतं ऑपरेशनमुळे स्नायू गेला. बहुतेक वेळा तो आधीच गेलेला असतो. संधिवातात जांघेत दुखतं म्हणून माणूस त्या पायावर भार टाकायचं टाळतो, शिवाय दुखऱ्या सुजलेल्या सांध्याकडून जे संदेश जातात त्याने मज्जारज्जूच स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, मग वर्षानुवर्षं तो बारीक होत जातो आणि त्यात चरबी शिरते. खुब्याच्या पुढच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटा हा स्नायू मात्र बऱ्याचदा टिकून असतो, त्यामुळे बाहेरून मांडी भरलेली दिसते आणि आपण फसतो. म्हणून पहिला प्रश्न हा की ऑपरेशनच्या आधी आईंनी किती वर्षं लंगडत काढली? ६ वर्षं काढली असतील तर ७ महिन्यांत सगळं भरून यावं ही अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

दुसरं, डिस्चार्ज कार्ड काढून सांधा कुठून उघडला ते बघा. मागून असेल तर खुबा बाहेर फिरवणारे छोटे स्नायू कापून परत शिवतात, मिडियस वाचतो. बाजूने असेल तर मिडियसचाच पुढचा भाग सोडवून पुन्हा शिवलेला असतो, आणि त्याची नस मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवरून जाते, तेव्हा तिथली कमजोरी जास्त बारकाईने बघावी लागते.

आता तपासणी. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, आधी जिथे दाखवलं तिथे कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावला होता आणि कागदावर ताकद ५ पैकी ५ लिहिली होती. हाताने दाब देऊन केलेल्या तपासणीत असं होतं, तपासणाऱ्याचा हातच तेवढा जोर देत नाही. मी त्यांना टेबलाला दोन बोटं टेकवून ऑपरेशनच्या पायावर उभं केलं, दुसरा गुडघा थोडा उचलायला सांगितला, आणि मागून दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर ठेवून मोजत राहिले. १० सेकंद अंगठे एका रेषेत, ११व्या सेकंदाला उचललेल्या पायाच्या बाजूचा अंगठा हळूच खाली जायला लागला, त्यांना स्वतःला कळलंही नाही, त्या म्हणाल्या "मी सरळच उभी आहे की!" हीच ट्रेंडेलेनबर्ग टेस्ट, जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितलेली, आणि ती ३० सेकंद धरायची असते, २ सेकंदात पाय खाली ठेवला तर थकणारा स्नायू सुटून जातो. कंबर खाली न जाता अंगच ऑपरेशनच्या बाजूला कललं तरी तो कमजोरीचाच प्रकार, तुमच्या वर्णनावरून आईंचं हेच चाललंय. पण दुखत असेल किंवा कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तरी असंच दिसतं, तेव्हा कंबर तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. घरी एकट्याने करू देऊ नका, तुम्ही शेजारी हवं.

ताकदीचा आकडा हवा असेल तर हातात धरायचा डायनॅमोमीटर असलेला फिजिओ शोधा. दर वेळी पायाच्या त्याच जागेवर, ३ प्रयत्न, आणि आकडा वजनाच्या हिशोबात लिहिलेला. उजव्या पायाशी तुलना करतीलच, पण उजवा खुबाही झिजलेला असू शकतो, "दोन्ही सारखे" म्हणजे दोन्ही कमजोर असंही निघतं! त्यापेक्षा त्याच पायाचा ६ आठवड्यांपूर्वीचा आकडा जास्त खरं बोलतो. सोबत ३० सेकंदांत खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते लिहून ठेवा, घड्याळ पुरतं.

एमआरआय लगेच नको असं माझं मत. नीट भार वाढवत केलेल्या ३ महिन्यांच्या व्यायामानंतरही आकडा हलला नाही, किंवा खुब्याच्या बाजूला बोट ठेवल्यावर कळ येते, तेव्हा सर्जनला विचारून करा, कारण तिथला स्नायूबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, फाटलेला असू शकतो. धातूमुळे चित्र बिघडतं, म्हणून धातूची बाधा कमी करणारी पद्धत त्या सेंटरला आहे का ते आधी विचारा, इम्प्लांटचं कार्ड सोबत न्या. रिपोर्टमध्ये गुटालिए ग्रेड लिहिली तर ० म्हणजे चरबी नाही, ३ म्हणजे स्नायूइतकीच चरबी, ४ म्हणजे स्नायूपेक्षा जास्त. बारीक झालेला स्नायू व्यायामाने भरतो, चरबी झालेला भाग सहसा परत येत नाही, हे आधी कळलं तर आईंना उगाच "तुम्ही व्यायाम करत नाही" असं ऐकून घ्यावं लागत नाही, मला या बोलण्याचा फार त्रास होतो.

ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज, अचानक कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, यातलं काहीही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनकडे.

आणि तोपर्यंत काठी सोडू नका, पण ती उजव्या हातात द्या. डाव्या खुब्यासाठी डाव्या हातात काठी हे मी रोज बघते, त्याने मिडियसचं ओझं हवं तसं हलकं होत नाही. कार्डवर कुठून उघडल्याचं लिहिलंय आणि ट्रेंडेलेनबर्ग टेस्टमध्ये दोन्ही पायांचे सेकंद किती आले ते कळवा, मग कुठले व्यायाम कुठल्या क्रमाने ते लिहिते.