बर्फ आहे, पण स्कीपुरता आहे का?

वाचक विचारतात

डिसेंबर उजाडला की हा प्रश्न येतोच: बुकिंग झालंय, बर्फ मात्र दिसत नाही, आता काय करू? यंदाच्या पत्रांतली काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

आम्ही चौघं, मी, नवरा, १३ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा, २६ डिसेंबर ते १ जानेवारी गुलमर्गला जाणार आहोत. चौघांनाही स्कीइंग शिकायचंय, पाच दिवसांचा वर्ग ठरवलाय. आज १० डिसेंबर. हॉटेलने पाठवलेल्या व्हिडिओत गोंडोलाच्या (रोपवेच्या) पायथ्याशी पिवळं गवत आणि मागे पांढरा डोंगर दिसतो. हॉटेलवाले म्हणतात, “नाताळपर्यंत पडतोच, काळजी करू नका.” निम्मे पैसे भरलेत. तारीख बदलावी का?
— कोथरूड, पुणे

बदला, आणि याच आठवड्यात बदला.

नवशिक्यांना गुलमर्गच्या अगदी खालच्या भागातला बर्फ लागतो. शिकायचे उतार गोल्फ कोर्सच्या आसपास, साधारण २,६५० मीटर उंचीवर आहेत. तिथे बर्फ सगळ्यात उशिरा साठतो आणि दोन दिवस ऊन पडलं की सगळ्यात आधी जातो. तुम्हाला दिसलेला पांढरा डोंगर अफरवटचा. गोंडोलाचा दुसरा टप्पा तिथे ३,९०० मीटरच्याही वर जातो. तो कितीही पांढरा असला तरी पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग शून्य. मधलं स्टेशन कोंगडोरी, सुमारे ३,१०० मीटरवर. खाली बर्फ नसला तर वर्ग तिथे नेता येतो, पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात गोंडोलाची रांग, वर चढलेली पर्यटकांची गर्दी आणि त्याच तुकड्यावर फिरणाऱ्या स्लेज, यांत पाचपैकी दोन दिवसांचं शिकणं पाण्यात जातं.

आता हिशोब. गवताळ, दगड नसलेल्या उतारावर शिकायलासुद्धा दाबून बसलेला ३० सेंटिमीटर थर हवा. त्याहून कमी असेल तर वळताना स्कीची कड मातीत रुतते, पाय तिथेच अडकतो आणि अंग पुढे जातं. गुडघे दुखावतात ते असे. ताज्या बर्फात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. दाबला गेला की तिसरा किंवा चौथा हिस्सा उरतो. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या थरासाठी एकूण मीटरभर ताजा बर्फ पडायला हवा. हवामानाच्या ॲपवर आकडा मिलिमीटरमध्ये, म्हणजे पाण्याचा असतो. थंडी चांगली असेल तर १ मिलिमीटरला १ सेंटिमीटर ताजा बर्फ धरा. तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर निम्माच धरा, कारण तो बर्फ ओला आणि जड पडतो. तुमच्या तारखेआधीच्या अंदाजात सगळं मिळून १०० मिलिमीटरच्या जवळपास काही दिसत नसेल, तर वर्ग होणार नाही असं समजून चाला.

हॉटेलवाले खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे फोटोपुरता पांढरेपणा, आणि तेवढा बहुतेक वर्षी पडतो. पण काश्मीरचा बर्फ पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. एक झंझावात दोन-तीन दिवस बरसतो, मग आठ-दहा दिवस आभाळ कोरडं. एकाच फेरीत मीटरभर पडल्याचीही उदाहरणं आहेत, पण त्यावर पाच दिवसांचा वर्ग बेतणं म्हणजे जुगार. मागची वर्षं पाहा. जानेवारी २०२४ चा बहुतेक महिना गुलमर्ग कोरडं होतं, बर्फ आला तो महिनाअखेरीस. त्याच वर्षी २७-२८ डिसेंबरला एवढा पडला की महामार्ग आणि विमानं दोन्ही बंद पडली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्याव्या लागल्या.

आणखी एक गैरसमज. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरात चिल्लई कलान म्हणतात. ही सर्वांत कडक थंडी, म्हणून या दिवसांत बर्फही सर्वांत जास्त असणार असं लोक धरून चालतात. श्रीनगरचं रात्रीचं तापमान सर्वांत खाली जातं ते निरभ्र रात्री, आणि निरभ्र आभाळातून बर्फ पडत नाही. “श्रीनगर उणे पाच” ही बातमी स्कीइंगच्या दृष्टीने बऱ्याचदा वाईटच असते.

नवी तारीख कुठली? एकामागून एक झंझावातांतून थर साठायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला जोडून चार-पाच दिवस निघतात का पाहा. मुलांची शाळा आड येत असेल तर २६ जानेवारीचा आठवडा, पण तो दुसऱ्या क्रमांकावर.

पैशांचं बोलताना हॉटेलकडे परतावा मागू नका, तारीख पुढे न्यायला सांगा. परतावा द्यायला कुणी राजी नसतं, पुढची तारीख द्यायला बहुतेक जण असतात. तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: भरलेली रक्कम पूर्ण धरली जाईल, दर वाढणार नाही, आणि किती महिन्यांत वापरायची. विमानाच्या तिकिटांचा वेगळा हिशोब मांडा. उदाहरणादाखल माणशी ३,००० रुपये बदलशुल्क धरलं तर चौघांचे १२,००० एका बाजूचे. फेब्रुवारीचं तिकीट स्वस्त असलं तरी उरलेला फरक बहुधा परत मिळत नाही. म्हणून रद्द करून नवं काढणं आणि आहे ते बदलणं, दोन्हींचे आकडे शेजारी लिहा. दुसऱ्या बाजूला ठेवा वर्गाची फी, स्कीचं भाडं आणि सहा रात्रींचं नाताळातलं हॉटेल. भरलेले पैसे या वजाबाकीत घेऊच नका. ते दोन्हीकडे सारखेच गेलेत.

रजा हलतच नसेल तर सहल करा, पण वर्ग रद्द करा. श्रीनगरला चार रात्री, गुलमर्गला दोन. बर्फ पडलाच तर तिथे पोहोचून एक दिवसाचा इन्स्ट्रक्टर मिळतो.

बर्फ नाही म्हणून सहल रद्द केली तर ट्रॅव्हल इन्शुरन्स पैसे देतं का?
— कोल्हापूर

साधारण पॉलिसीत नाही. आजारपण, अपघात, विमान रद्द होणं ही कारणं असतात. मैदान हिरवं राहिलं हे नसतं. उलट पॉलिसी घेताना स्कीइंग “साहसी खेळ” म्हणून वगळलंय का ते आधी वाचा. पाय मोडल्यावर वाचण्यात अर्थ नाही.

आम्ही दोघं मित्र चार हंगाम स्कीइंग केलेले. १८ ते २५ जानेवारी गुलमर्ग, मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावरून आणि गाइडसोबत आखलेल्या उतारांबाहेर. सध्या वर बर्फ कमी आहे असं कळतं. आत्ताच रद्द करावं का?
— ठाणे

आत्ता नाही. तुमचा प्रश्न पुण्याच्या कुटुंबाच्या नेमका उलट आहे. खाली गवत असलं तरी तुम्हाला चालतं, गोंडोलाने खाली येता येतं. वर मात्र अट कडक आहे. झाडांच्या रेषेच्या वर अफरवटवर मोठमोठे दगड आहेत. ते झाकायला एक ते दीड मीटर बसलेला थर लागतो. त्याच्या आत सगळं पांढरं दिसतं, पण दगड वीतभर खाली असतात. असे दगड स्कीचा तळ सोलून काढतात, आणि वेगात असाल तर तेवढ्यावर भागत नाही. शिवाय धारेवरचा बर्फ वारा उडवून नेतो आणि घळीत भरतो, त्यामुळे वरच्या स्टेशनवर मोजलेल्या आकड्यावरून सगळ्या उतारांचा अंदाज करता येत नाही.

निर्णयाची तारीख १० जानेवारी ठेवा. पाच ते सात दिवसांपलीकडे झंझावाताचा अंदाज नुसता कल दाखवतो. भारतीय हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो. त्यातून फक्त आठवडा ओला की कोरडा एवढंच घ्या. त्या दिवशी गाइडला चार प्रश्न विचारा: मधल्या आणि वरच्या स्टेशनवर बसलेला थर किती? दुसरा टप्पा गेल्या दहा दिवसांत किती दिवस चालला? स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या पथकाने, कोणते उतार उघडलेत? आणि तळातला बर्फ कसा आहे?

हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हंगामाच्या सुरुवातीला पातळ थर पडून मग आठवडाभर निरभ्र थंडी राहिली, तर जमिनीजवळचा बर्फ शून्याच्या आसपास आणि पृष्ठभाग उणे दहा-पंधरा, असा मोठा फरक एवढ्याशा जाडीत तयार होतो. खालची वाफ वर सरकते आणि थरातले कण एकमेकांना सोडून टोकदार दाणे बनतात. खणून मूठभर काढला तर लाडू वळला जात नाही. भाजलेल्या रव्यासारखा बोटांतून ओघळतो. या रव्यावर पुढच्या झंझावाताचा पाऊण मीटर बर्फ येऊन बसला की सगळा थर सरकायला तयारच असतो. म्हणजे तुम्ही ज्या बर्फवृष्टीची वाट पाहताय, तीच वाईट सुरुवात झालेल्या वर्षी सर्वांत धोक्याची. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गजवळ हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला, तेही जानेवारी कोरडा गेल्यानंतर मोठा बर्फ आलेल्या महिन्यात. स्की पेट्रोल गोंडोलाजवळच्या हद्दीतले उतार सांभाळतं. हद्दीबाहेर जबाबदारी तुमची आणि गाइडची.

त्यामुळे १७ तारखेला जोराचा बर्फ दिसला तर नाचू नका. दुसरा टप्पा दोन-तीन दिवस बंद राहील असं धरा आणि ते दिवस कोंगडोरीजवळच्या उतारांवर काढा. आठ दिवसांची सहल म्हणूनच बरी आहे, ती कमी करून चार दिवसांची करू नका. १० जानेवारीला वरचा थर मीटरच्या आत आणि पुढचा आठवडा कोरडा, तर महिनाभर पुढे ढकला. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं दोघांकडेही हवं, एकाकडे असून उपयोग नाही. ज्याच्याकडे आहे तोच गाडला गेला तर खणणार कोण?

गुलमर्गऐवजी औली किंवा मनालीला गेलं तर?
— नाशिक

बर्फ नाही म्हणून हा बदल करू नका. तिन्ही ठिकाणांना बर्फ पुरवतात ते हेच झंझावात, आणि ते पश्चिमेकडून येतात. काश्मीर कोरडं असताना उत्तराखंड भरलेलं, असं क्वचित होतं. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटरमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या दुसऱ्या टप्प्यासारखी उंची हाताशी नाही. जोशीमठ–औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यानंतर बंद झाला, तेव्हा रस्त्याने जायची तयारी ठेवा. मनालीजवळच्या सोलंगला शिकायला जागा चांगली आहे, पण फेब्रुवारीत.

तारीख हलत नसेल आणि पासपोर्ट तयार असेल तर कझाकस्तानातल्या अल्माटीजवळचं शिम्बुलाक पाहा. उतार २,२६० मीटरपासून ३,२०० मीटरपर्यंत, बर्फ तयार करणारी यंत्रं, आणि भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. जाण्यापूर्वी नियम तेवढा पुन्हा तपासा.

आम्ही म्युनिकमधली पाच मराठी कुटुंबं. नाताळच्या आठवड्यासाठी ९०० मीटरवरच्या गावात घर घेतलंय, तिथले उतार जेमतेम १,५०० मीटरपर्यंत. सध्या पाऊस पडतोय. लिफ्टवाले म्हणतात, “स्नो गन आहेत.” घर सोडावं का?
— म्युनिक

घर ठेवा, लिफ्टचा पास घेऊ नका.

स्नो गन, म्हणजे बर्फ तयार करणारी यंत्रं, चालतील की नाही हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. हवा किती कोरडी आहे तेही लागतं. यंत्रातून उडालेला थेंब बाष्पीभवनाने गार होतो. हवा दमट असेल तर ते होत नाही. म्हणून ओल्या कापडाच्या तापमापीचं तापमान, ज्याला वेट बल्ब म्हणतात, ते उणे २ च्या खाली हवं. हवा अधिक १ अंश पण आर्द्रता ४० टक्के, तर वेट बल्ब उणे ३ च्या जवळ, यंत्रं चालतात. हवा उणे १ आणि धुकं, आर्द्रता ९५ टक्के, तर बंद. तुमच्या गावी नाताळाआधी सलग तीन-चार कोरड्या, थंड रात्री अंदाजात दिसल्या तर मुलांचा शिकायचा उतार तयार होईल. बाकी डोंगर हिरवाच राहील आणि मध्ये पांढरा पट्टा. जानेवारी २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनची स्की विश्वचषक शर्यतसुद्धा अशाच पट्ट्यावर झाली होती.

त्या पट्ट्यावर पाच कुटुंबं सहा दिवस राहू शकत नाहीत. सहा दिवसांचा पास आगाऊ घेण्याऐवजी रोजचा घ्या आणि दोन दिवस उंचावर जा. जर्मनीतल्या त्सुगश्पिट्सेवरचे उतार २,००० मीटरच्या वर आहेत. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सच्या हिमनदीवरचं स्कीइंग वर्षभर चालतं, वरचं टोक ३,२५० मीटर. तिथे पहाटे निघा, कारण खालचे सगळे उतार बंद असले की सगळा प्रदेश तिकडेच लोटतो, आणि नऊनंतर पार्किंगपाशीच तास जातो. मुलांची भाड्याची स्की गावातल्या दुकानातून सहा दिवसांसाठी घेताना न वापरलेल्या दिवसांचे पैसे कापतील का हे आधी विचारून ठेवा.