पाच वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असल्याचं निदान झालंय, लगेच गोळी सुरू करावी का?

नाही, या वयात सुरुवात गोळीने करत नाहीत, आधी आईवडिलांनी वर्तन-प्रशिक्षण घ्यायचं असतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं चार वर्षांपासून सहावा वाढदिवस होईपर्यंतच्या मुलांसाठी हेच सांगतात. कारण इतक्या लहान वयात मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या नेहमीच्या औषधाचा गुण मोठ्या मुलांपेक्षा कमी येतो, आणि भूक मरणं, झोप उडणं, चिडचिड हे त्रास जास्त दिसतात.

या प्रशिक्षणात मूल नाही, आपण शिकतो, आणि ते वाटतं तितकं सोपं नसतं:

- "आवर पटकन" म्हणण्याऐवजी जवळ जाऊन, डोळ्यांत बघून एकच काम सांगायचं: "बूट घाल." ते झालं की पुढचं.
- जमलं की त्याच क्षणी कौतुक. "रविवारी बक्षीस देऊ" याचा उपयोग होत नाही, रविवार त्याच्यासाठी फार लांब असतो.
- शाळेतल्या बाईंनाही सोबत घ्या. घरी एक आणि वर्गात दुसरंच, असं नको.

मात्र मनापासून प्रयत्न करूनही फरक पडला नाही आणि मुलाचे हाल होतच राहिले (सारखं पडणं, मारामाऱ्या, शाळेतून रोज तक्रार), तर याच वयातही डॉक्टर औषधाचा विचार करतात. तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञाच्या किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वजन-उंची आणि रक्तदाब तपासत ते जरूर द्या. सहा वर्षांनंतर तर औषध आणि वर्तनोपचार दोन्ही बरोबरीने सुचवले जातात, त्यामुळे गोळीची धास्ती घेऊ नका.