वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकातील हार्ड डिस्क यूएसबीला जोडताना

प्रश्न : माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या संगणकाचा मदरबोर्ड निकामी झाला असून आत दोन हार्ड डिस्क आहेत. रुंद, चपट्या केबलच्या 80 जीबीच्या डिस्कमध्ये 2003 च्या सिंहस्थाची छायाचित्रे आहेत, तर 1 टीबीच्या डिस्कमध्ये 2015 च्या सिंहस्थाची. मी यूएसबीची एक केबल विकत आणली. तिच्यावर लॅपटॉपमधून काढलेली लहान डिस्क व्यवस्थित चालली, परंतु 1 टीबीची डिस्क फिरतच नाही आणि 80 जीबीच्या डिस्कला ती केबल बसतच नाही. दोन्ही डिस्क खराब झाल्या असे समजावे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून तसे मुळीच समजू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे डिस्कच्या बिघाडापेक्षा अपुऱ्या वीजपुरवठ्याची अधिक वाटतात. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क केवळ 5 व्होल्टवर चालते आणि तेवढी वीज यूएसबी पोर्टमधून मिळते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कची मोटर मात्र 12 व्होल्टवर फिरते आणि साधा यूएसबी पोर्ट 12 व्होल्ट देतच नाही. म्हणून, ज्याच्यासोबत भिंतीच्या प्लगला लावायचा 12 व्होल्ट, 2 अँपियरचा वेगळा वीजपुरवठा येतो, असा डिस्क यूएसबीला जोडणारा ॲडॉप्टर आपल्याला हवा. डिस्कवरील लेबलावर 5 आणि 12 व्होल्टसाठी लागणारा प्रवाह छापलेला असतो, तो जरूर वाचावा; पण सुरू होतानाच्या काही सेकंदांत मोटर सर्वांत जास्त प्रवाह ओढते, हे लक्षात घेऊन वीजपुरवठा थोडा सढळच घ्यावा.

80 जीबीची डिस्क आयडीई या जुन्या जोडणीच्या प्रकारची असणार. तिची जोडणी 40 पिनांची असते, तर साटा या त्यानंतरच्या प्रकारच्या डिस्कला (आपली 1 टीबीची डिस्क याच प्रकारची असावी) 7 पिनांची डेटा जोडणी आणि 15 पिनांची वीजजोडणी असते. महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत चौकशी करताना नुसती ‘हार्ड डिस्कची केबल’ न मागता ‘आयडीई आणि साटा दोन्ही चालणारा, 12 व्होल्टच्या वीजपुरवठ्यासह येणारा ॲडॉप्टर’ असे स्पष्ट मागावे, आणि शक्य असल्यास आपली डिस्क लावून तेथेच पाहावे.

आयडीई डिस्क जोडताना फार सांभाळावे लागते. चार तारांच्या वीजजोडणीत पिवळ्या तारेतून 12 व्होल्ट, लाल तारेतून 5 व्होल्ट येतात आणि मधल्या दोन काळ्या तारा अर्थिंगच्या (ग्राउंड) असतात. या प्लगचे एका बाजूचे दोन कोपरे तासलेले असतात. ते न पाहता प्लग उलटा दाबून बसवला, तर 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट जाऊन डिस्कचा सर्किट बोर्ड जळतो. त्यामुळे प्लग सहज जात नसेल तर जोर न लावता तो फिरवून पाहावा. डिस्कच्या मागील बाजूचा लहानसा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) बहुतेक ॲडॉप्टरसाठी ‘मास्टर’ म्हणजे मुख्य डिस्कच्या जागेवर असावा लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक जुन्या डिस्कना मात्र एकटे वापरताना जंपर काढून टाकावा लागतो. त्याची आकृती लेबलावरच असते. सर्व जोडण्या वीज बंद असताना कराव्यात, मग वीज सुरू करावी, डिस्क फिरू लागल्याचा आवाज आला की शेवटी यूएसबी लॅपटॉपला लावावी. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घालू नये.

उघडी डिस्क कोरड्या लाकडी पृष्ठभागावर किंवा पुठ्ठ्यावर सपाट ठेवावी आणि फिरत असताना हलवू नये. लॅपटॉपला बॅटरी असते, ॲडॉप्टरला नसते. कॉपी चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप चालूच राहतो आणि डिस्क मात्र मध्येच थांबते. पावसाळ्यात आपल्याकडे असे वारंवार घडते, म्हणून ॲडॉप्टर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच लावावा. पुरेशी वीज मिळूनही डिस्क ठरावीक लयीत टकटक करत राहिली, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता ती ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी, कारण चालू ठेवलेल्या प्रत्येक मिनिटाला आतील चकतीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो.

डिस्क दिसू लागली की विंडोज कदाचित ‘फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘इनिशलाइझ (नव्याने तयार) करायची का?’ असे विचारेल. दोन्हींना ठाम नकार द्यावा. फोल्डर उघडताना परवानगी नाकारली गेली, तर तेही बिघाडाचे लक्षण नव्हे. जुन्या विंडोजमधील वापरकर्त्याचे हक्क नव्या लॅपटॉपला ठाऊक नसतात, एवढेच. हक्क बदलून घेता येतात, परंतु त्यासाठी मूळ डिस्कवर लिहिले जाते. म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत संगणक प्रणाली) सुरू करून, डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडून छायाचित्रे उतरवून घेणे मला अधिक योग्य वाटते. ती छायाचित्रे पुन्हा काढता येणार नाहीत, तेव्हा फाइली उघडून पाहण्याचा मोह आवरून आधी सर्व काही दोन वेगवेगळ्या ठिकाणी कॉपी करावे.

प्रश्न : लॅपटॉपमधून काढलेली एम डॉट टू पट्टी (डेटा साठवणारी चपटी एसएसडी) मी यूएसबीच्या डबीत बसवली, ती नीट बसली, पण संगणकावर दिसत नाही.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. एका प्रकारासाठीची डबी दुसऱ्या प्रकारची पट्टी ओळखेलच असे नाही. साटा पट्टीच्या कडेला साधारणतः दोन खाचा आणि एनव्हीएमईला एक खाच असते. परंतु दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघालेल्या असल्याने खाचांपेक्षा लेबलावर विसंबावे. दोन्ही चालवणाऱ्या डब्या मिळतात. योग्य डबीत पट्टी दिसली, पण कुलूपबंद आढळली, तर तिच्यावर बिटलॉकर (विंडोजमधील डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असावे. अशा वेळी 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा लॅपटॉप सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते, म्हणून पट्टीत काहीही बदल करण्याआधी त्या खात्यात शोध घ्यावा.