दोघांचे रिपोर्ट जुळत नाहीत तेव्हा

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता बारकाईने पाहिला. गुदाशयाच्या कॅन्सरचे तेच एमआरआय दोन रेडिओलॉजिस्टनी वाचले, टी स्टेजसाठी (गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे) कॅपा, म्हणजे दोघांचं एकमत योगायोगापलीकडे किती आहे हे सांगणारा आकडा, ०.५ च्या आसपास आला, आणि अभ्यास फसला असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. लँडिस आणि कॉख या संख्याशास्त्रज्ञांच्या १९७७ च्या पट्टीवर याला 'मध्यम' एकमत म्हणतात. पण नुसता शेरा टाकून पुढे जाऊ नकोस. मतभेद नेमके कुठे झाले हे एकट्या कॅपावरून कळत नाही, आणि रुग्णाचा प्रश्न तिथेच अडलेला असतो.

वाद झालेले स्कॅन पुन्हा उघड. बरेचसे स्टेज टी२ (गाठ भिंतीच्या स्नायूतच) की टी३ (त्यापलीकडे चरबीत) या सीमेवरचे निघतील. मस्क्युलॅरिस प्रोप्रियाच्या, म्हणजे भिंतीच्या स्नायूच्या थराच्या, गडद रेघेतून बारीक काटे बाहेरच्या चरबीत गेलेले दिसतात. एकजण म्हणतो ही गाठीभोवतीची तंतुमय प्रतिक्रिया, दुसरा म्हणतो यात गाठीच्या पेशी आहेत. एमआरआयवर हे दर वेळी ठरवता येत नाही, त्यामुळे यात कुणाचा हलगर्जीपणा शोधू नकोस. शिवाय टी२ आणि जेमतेम मिलिमीटरभर बाहेर आलेला टी३ यांचं पुढचं भवितव्य जवळपास सारखंच असतं. मेसोरेक्टल फॅशियापासून (गुदाशयाभोवतीच्या चरबीचं पातळ आवरण) गाठ १ मिमीच्या आत आहे की बाहेर, यावर दोघांत फरक पडला असेल तर मात्र झोप उडायला हवी. शस्त्रक्रियेआधी रेडिएशन द्यायचं का, हे बऱ्याचदा त्यावर ठरतं.

नेदरलँड्सच्या एका गटाचा २००१ मधला, लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यास जरूर वाच. ७६ रुग्ण, दोन निरीक्षक. टी स्टेज एकाची ८३ टक्के वेळा बरोबर आली, दुसऱ्याची ६७ टक्के. फॅशियापर्यंतचं अंतर सांगण्यात मात्र दोघांचंही काम चांगलं होतं. म्हणून माझा आग्रह आहे की निरीक्षकांकडून आधी मिलिमीटर लिहून घे, सोबत स्लाइसचा क्रमांक घे, आणि 'फॅशिया बाधित' किंवा 'मोकळा' हा रकाना त्यानंतर भरू दे. एकाने ०.९ आणि दुसऱ्याने १.२ मोजलं तर रकान्यात ते परस्परविरोधी दिसतात, पण मापात ते शेजारी आहेत.

स्लाइसचा कोनही तपास. आडवे कट गाठीच्या अक्षाला काटकोनात नसतील तर भिंतीची कड पुसट होते, आणि धड नसलेल्या चित्रावर अनुभवी डोळेही अडखळतात. जाडी ३ मिमीपर्यंतच हवी.

लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) एक साधी गोष्ट घात करते: एकाने आखूड व्यास मोजलेला असतो, दुसऱ्याने लांब. युरोपीय सहमतीच्या निकषांत ५ ते ८ मिमीच्या नोडला संशयास्पद म्हणायला गोल आकार, अनियमित कड आणि विषम सिग्नल यांपैकी किमान दोन लक्षणं लागतात. ती लक्षणं वेगवेगळ्या रकान्यांत नोंदव.

उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये सर्वांत जास्त धीर लागेल. व्रण कुठे संपतो आणि उरलेली गाठ कुठे सुरू होते, यावर जाणकारांचंही एकमत होत नाही. डिफ्यूजन चित्रं (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा एमआरआय) जोडीला घे, पण गुदाशयाच्या पोकळीतल्या हवेमुळे ती विकृत होतात हे ध्यानात ठेव.

गणिताचं थोडक्यात: क्रमवार श्रेणींना वेटेड कॅपा (मोठ्या मतभेदाला जास्त वजन देणारा), अंतराला ब्लँड-ऑल्टमन (दोन मापांतल्या फरकाचा आलेख). गाठीचा शिरांमधला प्रसार फार थोड्या रुग्णांत असेल तर उत्तरं जुळूनही कॅपा खाली येतो, तेव्हा सोबत सरळ टक्केवारी दे.

आणि कृपा करून दोघांना एकत्र बसवून 'सहमती' झाल्यावर मूळ वाचनं पुसू नकोस. एकमेकांचं न पाहता लिहिलेली ती पहिली उत्तरं हाच तुझा खरा डेटा आहे.

फॅशियावर मतभेद झालेल्या रुग्णांची यादी दोघांच्या स्लाइस क्रमांकांसह पाठव. आपण प्रत्येक चित्र सोबत बसून पाहू.