लायटर गरमच होत नाही, काय करू?

प्रश्न: माझी गाडी जुनी आहे, सिगरेट लायटर दाबला की आत बसतो पण गरम होत नाही, आणि त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जरही चालत नाहीये. नवीन लायटर घेऊ का?

उत्तर: थांबा, लायटर लगेच घेऊ नका. चार्जरही चालत नाही म्हणजे सॉकेटपर्यंत करंटच येत नाहीये, त्यामुळे आधी फ्यूज बघा, बहुतेक गाड्यांत तो 15 किंवा 20 अँपिअरचा असतो, काढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसली की फ्यूज उडालाय समजायचं. तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा अजिबात नको, नाहीतर फ्यूजऐवजी वायर जळेल आणि ते खरंच धोक्याचं आहे.

पण फ्यूज उगाच उडत नाही हो. टॉर्च मारून सॉकेटच्या तळाशी बघा, बऱ्याचदा एखादं नाणं पडलेलं असतं, मधला पॉइंट पॉझिटिव्ह आणि बाजूची भिंत अर्थ म्हणजे निगेटिव्ह, नाणं दोन्हींना टेकलं की शॉर्ट! काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, मगच चिमटा घाला. गंज असेल तर बारीक सँडपेपरने हलकेच घासा.

आणि चार्जर चालू झाला पण लायटर तसाच थंड, तर मग बहुतेक त्याची कॉइल, म्हणजे आतली गरम होणारी तार, गेलीये, तेव्हा नवीन घ्या.