'उदारीकरण' आणि 'नवउदारमतवाद': कोणता शब्द कोठे?

सोलापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी दोन शंका विचारल्या आहेत. मराठी टिपणांत 'उदारीकरण' आणि 'नवउदारमतवाद' हे शब्द एकाच अर्थाने वापरावेत का, ही पहिली. आणि अनुदानांना कात्री लावणाऱ्या धोरणाला 'उदार' कसे म्हणायचे, ही दुसरी.

दुसरी शंका आधी घेतो, कारण ती विद्यार्थ्यांच्याही मनात असते. रोजच्या मराठीत उदार म्हणजे सढळ हाताने देणारा; 'जिवावर उदार होणे' यातही स्वतःजवळचे देऊन टाकण्याचाच भाव आहे. त्यामुळे हात आखडता घेणाऱ्या सरकारच्या धोरणाला तो शब्द लावलेला कानाला खटकतो, हे साहजिक आहे. 'उदारीकरणा'त मात्र देण्याघेण्याचा संबंध नसून निर्बंध सैल करणे एवढेच अभिप्रेत आहे. २४ जुलै १९९१ रोजी जाहीर झालेल्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकी सर्वांसाठी परवान्याची अट काढून टाकली, ते उदारीकरण होय.

आता पहिली शंका. उदारीकरण ही कृती आहे. किती परवाने गेले, आयातशुल्क किती उतरले, हे मोजून दाखवता येते. नवउदारमतवाद ही विचारसरणी आहे: वस्तूंची किंमत आणि साधनांचे वाटप बाजारच अधिक चांगले ठरवतो, म्हणून सरकारने मालमत्ता, करार आणि चलन यांचे रक्षण करावे व उत्पादनातून अंग काढून घ्यावे, अशी तिची धारणा आहे. पहिली गोष्ट दुसरीवाचूनही घडते. चीनने १९७८ नंतर बाजार खुला केला, परंतु मोठ्या बँका आणि शहरांतील जमीन सरकारच्याच मालकीची राहिली. न्यूझीलंडमध्ये उलट घडले: १९८४ साली तेथे चक्क मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्याचे अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी शेतीची अनुदाने जवळजवळ पुसून टाकली, पुढे १९८९ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला किंमतींचे स्थैर्य हेच मुख्य काम नेमून दिले. तेथे 'नवउदारमतवाद' हा शब्द निःशंकपणे वापरावा.

चिलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती धोरण गेले आणि १९८१ मध्ये निवृत्तिवेतनसुद्धा खासगी निधी कंपन्यांकडे सोपवले गेले. तांब्याची कोडेल्को ही कंपनी मात्र सरकारीच राहिली. तिच्या निर्यातीच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम कायद्याने लष्कराला मिळत असे, हे लक्षात घेतले की बाजारावरील श्रद्धा नेमकी कोठे थांबली ते कळते.

सोलापुरात या सगळ्याला 'खाउजा' (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण) हे आटोपशीर नाव आहे आणि 'खाउजा आले नि गिरण्या गेल्या' असे सर्रास बोलले जाते. ते तितकेसे अचूक नाही, कारण एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली, 'जुनी मिल' याच नावाने ओळखली जाणारी येथील कापडगिरणी १९६० च्या दशकातच बंद पडली होती. यंत्रमागवाल्यांचे व्यवहार पाहिले तर सरसकट शब्द किती तोकडे पडतात ते दिसते. टॉवेलाची निर्यात मोकळी हवी, हे त्यांचे म्हणणे उदारीकरणाच्या बाजूचे आहे. पण मागाला विजेच्या दरात सवलत हवी आणि सुताची निर्यात आवरली पाहिजे, या मागण्या नवउदारमतवादात मुळीच बसत नाहीत. २०१०-११ मध्ये केंद्राने सूत निर्यातीवर खरोखरच मर्यादा घातली, तेव्हा यंत्रमागधारकांचा त्याला पाठिंबा होता आणि सूतगिरण्यांचा विरोध. एकाच धंद्याची ही दोन टोके आहेत.

'नवउदारमतवाद' या शब्दाविषयी माझा आणखी एक आक्षेप आहे. मराठीत 'उदारमतवादी' म्हटले की रानडे आणि गोखले आठवतात, त्यामुळे 'नव' जोडताच हा त्यांचाच वारसा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात खुल्या व्यापाराचे सिद्धान्त सर्व देशांना सारखे लागू पडत नाहीत असे मांडले होते, आणि देशी उद्योगांना सरकारने हात द्यावा असे त्यांचे मत होते. म्हणून 'मत' गाळून 'नवउदारवाद' हा रूढ असलेला आटोपशीर शब्द घ्यावा, असे मला वाटते.

'निर्गुंतवणूक' आणि 'खासगीकरण' यांचीही अशीच गल्लत होते. सरकारने कंपनीतील काही हिस्सा विकला तर निर्गुंतवणूक, आणि नियंत्रणच दुसऱ्याकडे गेले तर खासगीकरण.

टिपणापुरते सांगायचे तर 'नवउदारवादामुळे भारतात उदारीकरण झाले' असे वाक्य लिहू नये. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले होते, सोने गहाण पडले होते आणि नाणेनिधीचे कर्ज अटींसह घ्यावे लागले होते. शिवाय परवाना पद्धत सैल करण्याचे प्रयत्न ऐंशीच्या दशकातच सुरू झाले होते. या कारणांबरोबर नवउदारवादी विचारांचा प्रभाव हे एक कारण म्हणून नोंदवावे.